पान पिवळं पडलं, पण कुठून?

"आरं, ह्याच्यावर केवडा पडलाय की!"

शिरोळहून आलेला मामा आमच्या माजघरात, दिव्याखाली रोपं ठेवलेल्या रॅकसमोर उभा राहून म्हणाला. बोट होतं ढोबळ्या मिरचीच्या रोपाकडं. खालची चार पानं पिवळीधमक, शेंडा मात्र हिरवागार. उपायही तयारच होता, "हिराकस मार, आठवड्यात हिरवं होतंय."

मामाचं निदान चुकलं होतं, पण त्याचा शब्द मला फार कामाचा वाटतो. आपल्याकडं उसाचं कोवळं पान पिवळं-पांढरं, पट्टेरी निघालं की तो केवडा. तिथं कारण असतं लोहाची कमतरता. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की तोही केवडा, पण तो विषाणू, पांढऱ्या माशीनं आणलेला. काकडीच्या पानावर पिवळे कोनेदार डाग आले की तोही केवडाच, आणि तिथं बुरशीसारखा रोग असतो. कारणं तीन, उपाय तीन आणि नाव एक, कारण डोळ्याला आधी दिसतो तो रंग. हिराकस म्हणजे लोहाचं मीठ (फेरस सल्फेट), ते उसावर लागू पडतं. भेंडीवर पोतंभर ओतलं तरी विषाणू जागचा हलत नाही.

घरात दिव्याखाली रोपं वाढवणाऱ्यांचं नेमकं असंच होतं. पान पिवळं दिसलं की पहिला प्रश्न येतो, "काय घालू?" दुकानदार काहीतरी देतो, आपण ते घालतो, आणि आठ दिवसांत पिवळी पानं चाराची आठ होतात. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्निंगचं छोटं काम आहे. लेथवर जॉबचा व्यास चुकला तर आम्ही आधी कुठं चुकलाय ते मोजतो. सगळीकडं सारखा जादा असेल तर सेटिंग चुकलंय. एका टोकाला जादा आणि दुसऱ्याला कमी असेल तर टेलस्टॉक सरकलाय. चूक किती यापेक्षा ती कुठं आहे हे जास्त सांगून जातं. पानांचंही तसंच आहे, हे कळायला मला दोन वर्षं आणि बरीचशी कोथिंबीर गमवावी लागली.

हिरवा रंग जातो कुठं

पानाचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. ते एकदा तयार झालं की कायमचं टिकतं असं नाही. रोप ते सतत मोडतं आणि सतत नवं बनवतं. या कणाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला चार बाजूंनी नायट्रोजनचे चार अणू धरून असतात. लोह त्या कणात नसतं, पण तो घडवण्याच्या कामात लोह नसेल तर काम पुढं सरकत नाही. गवंडी भिंतीत नसतो, पण गवंड्यावाचून भिंत उभी राहत नाही, तसं.

पिवळा रंग पानात पहिल्यापासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. हरितद्रव्य बनणं कमी झालं किंवा मोडणं वाढलं की तो उघडा पडतो. म्हणजे पिवळं पान आपल्याला एवढंच सांगतं की हिरवं बनवण्याचा आणि मोडण्याचा हिशेब बिघडलाय. का बिघडला, हे शोधणं आपल्याकडं.

आधी रोप दिव्याखालून बाहेर काढा

हे इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही. जांभळट-गुलाबी उजेडाच्या दिव्याखाली पिवळं पान ओळखूच येत नाही. त्या दिव्यात लाल आणि निळा उजेड असतो, हिरवा जवळपास नसतो. हिरवं पान तिथं काळपट दिसतं, पिवळं पान गुलाबीसर दिसतं आणि आपण समजतो की सगळं आलबेल आहे. फोटो काढला तर कॅमेरा त्यात स्वतःची अक्कल वापरून रंग आणखी बदलतो. नात्यातल्या एका मुलीनं मला पालकाचा फोटो पाठवला होता. त्यावरून मी छातीठोकपणे सांगितलं, "नायट्रोजन कमी आहे." नंतर घरी जाऊन पाहिलं तर पानं ठणठणीत. पिवळी होती ती फोटोतली भिंत आणि तिच्यामुळं सगळा फोटोच.

तेव्हा कुंडी उचला, खिडकीत न्या, दिवसाच्या उजेडात पान उलटसुलट करून पाहा. नवा दिवा घेणार असाल तर पांढराच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रोपाला दोन्ही चालतात, पण पांढऱ्या उजेडात तुम्हाला दिसतं तरी.

कुंडी उचलता तेव्हा तिचं वजनही हाताला कळतं. ते लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

खालून की वरून?

सगळ्या निदानाचा अर्धा भाग या एका प्रश्नात आहे.

रोपाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांचे ढोबळमानानं दोन गट पडतात. नायट्रोजन, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही फिरती. टंचाई आली की रोप जुन्या पानातून ती काढून शेंड्याकडं पाठवतं. घरात चणचण असली की थोरली माणसं स्वतःच्या ताटातलं पोरांना वाढतात, तसंच. म्हणून यांची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह, मँगेनीज, जस्त, कॅल्शियम, बोरॉन ही बैठी. एकदा ज्या पानात गेली तिथंच बसली. पुरवठा तुटला की जुनी पानं हिरवीच राहतात आणि नवं, कोवळं पान रिकाम्या हातानं जन्माला येतं. गंधक या दोन्हींच्या मधे कुठंतरी, पण बहुतेकदा नव्या पानावरच दिसतं.

आता मामाच्या मिरचीकडं बघा. पिवळी पानं खाली, शेंडा हिरवा. लोहाची कमतरता असती तर चित्र उलटं असतं. एवढ्यावरच हिराकस बाद झालं.

दुसरा प्रश्न, पानाचा कुठला भाग पिवळा? खालचं पान शिरांसकट एकसारखं फिकट होत गेलं असेल तर नायट्रोजनकडं संशय जातो. खालच्याच पानावर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, माशाच्या काट्यासारखी नक्षी उठलेली, तर मॅग्नेशियम. खालच्या पानाची कड आधी पिवळी आणि मग भाजल्यासारखी तपकिरी, तर पालाश. वरच्या कोवळ्या पानावर शिरांची बारीक हिरवी जाळी आणि बाकी पान लिंबाच्या रंगाचं, फार झालं तर जवळजवळ पांढरं, तर लोह. वरचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं, तर गंधकाचा विचार करा. नवं पान वेडंवाकडं, टोक जळालेलं, तर कॅल्शियम. कॅल्शियमचं पिवळेपणाशी तसं फार नातं नाही, पण लोक त्यालाही याच गोणीत भरतात.

हे पाठ करायची गरज नाही. खालून की वरून, शिरा हिरव्या की पिवळ्या, एवढे दोन प्रश्न लक्षात राहिले तरी पुष्कळ झालं.

पण इथंच एक फसगत आहे. खालची पानं पिवळी पडायला नायट्रोजनच कमी असायला हवा असं नाही. रोप दाट वाढलं की वरची पानं खालच्यांचा उजेड अडवतात. जे पान कमाई करत नाही त्याला रोप पोसत नाही, त्यातलं घेण्यासारखं घेतं आणि सोडून देतं. उन्हात बाजूनंही उजेड येतो. दिवा मात्र वरूनच असतो, त्यामुळं घरात हे जास्त होतं. शिवाय उगवणीनंतर आलेली पहिली दोन गुळगुळीत दलपत्रं काही आठवड्यांत पिवळी पडून गळणारच. त्यांचं काम संपलेलं असतं, त्यांच्यासाठी खत घालू नका. नर्सरीतून हिरव्या नेटखालून आणलेलं रोपही घरात आल्यावर काही जुनी पानं टाकतं. नवी पालवी नीट येत असेल तर गप्प बसा.

वळीव आणि भुरभुर

दिव्याबद्दल बोलताना वॅटचे आकडे फेकले जातात. खोक्यावर '१००० वॅट' लिहिलेला दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॅटच खेचतो, असं बऱ्याचदा निघतं. तो आकडा सोडून द्या. रोपाच्या दृष्टीनं प्रश्न दोन: एका क्षणाला किती उजेड पडतो, आणि दिवसभरात एकूण किती साठतो.

पावसाचं उदाहरण घ्या. मे महिन्यात वळीव येतो तो अर्ध्या तासात झोडपून जातो. जुलैत दिवसभर भुरभुर असते. पर्जन्यमापकात दोन्हींचे मिलिमीटर सारखेही भरतील, पण वळवाचं पाणी जमिनीत मुरण्याआधी निम्मं वाहून जातं आणि जाताना मातीही नेतं. उजेडाचं असंच आहे. पान एका वेळी ठरावीकच उजेड पचवतं. त्याहून जास्त पडला तर जादाची ऊर्जा पानाच्या आतच नासधूस करते, हरितद्रव्य जाळते.

उजेडाचे कण मोजायला शास्त्रज्ञ मोल हे माप वापरतात. एका चौरस मीटरवर दिवसभरात पालेभाज्यांना साधारण १२ ते १७ मोल लागतात, मिरची-टोमॅटोला २० ते ३०. एप्रिलमध्ये कोल्हापुरात उघड्या गच्चीवर चाळीसच्या वर मिळतात. आता घरातला हिशेब करू. चौरस मीटरवर सेकंदाला २०० मायक्रोमोल (मोलचे दशलक्षांश) देणारा दिवा १६ तास चालवला तर दिवसाचे साडेअकरा मोल होतात. म्हणजे कोथिंबीर, लेट्यूस यांचं कसंबसं भागतं. मिरची त्यावर जगेल, पण रडत.

हे मोजायचं मशीन महाग असतं. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० नं भागलं की मायक्रोमोलचा ढोबळ आकडा मिळतो. १४,००० लक्स म्हणजे २०० च्या आसपास. गुलाबी दिव्याला हा हिशेब लागू नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. तुलनेसाठी सांगतो, भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, आणि रात्री ट्यूब लावून लख्ख वाटणारी बैठकीची खोली दोनतीनशे लक्सवरच असते. आपले डोळे या बाबतीत अगदीच बेभरवशाचे.

उजेड कमी पडल्याची खूण म्हणजे रोप उंच, काटकुळं, पेरं लांब, खालची पानं फिकट होऊन गळतात. उजेड जास्त झाल्याची खूण याच्या उलट. पिवळेपणा दिव्याच्या सगळ्यात जवळच्या पानांवर, वरच्या बाजूला, कडक आणि पांढरट. हे लोहाच्या कमतरतेसारखं दिसतं म्हणून घोळ होतो. फरक असा की उजेडानं भाजलेल्या पानाच्या शिराही सहसा फिकटतात. आणि माझी आवडती खूण वेगळीच आहे. एका पानाची सावली दुसऱ्यावर पडत असेल तर सावलीपुरता भाग हिरवा राहतो, जणू हिरवा शिक्का मारलाय. अशी सावली दिसली की खताचा विषय तिथंच संपला. दिवा थोडा वर घ्या. छोट्या बल्बचं अंतर दुप्पट केलं तर उजेड जवळपास पाव होतो. लांब ट्यूब किंवा मोठ्या पॅनलखाली तो इतका झपाट्यानं घटत नाही, तिथं जास्त सरकवावं लागतं. दिव्याखाली तळहात धरून 'चटका बसत नाही, म्हणजे ठीक' असं म्हणणारे भेटतात. एलईडीच्या उजेडाच्या झोतात उष्णता फारशी नसतेच. पान भाजत असतानाही हाताला गारच लागेल.

आणि दिवा चोवीस तास चालू ठेवू नका. सुरुवातीला मी ठेवला होता, जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ या हिशेबानं. टोमॅटो आणि वांग्याला अखंड उजेड सोसत नाही. पानांवर पिवळे चट्टे उठतात आणि ती खरखरीत होतात. प्लगमध्ये लावायचा साधा टायमर घ्या, १४ ते १६ तास पुरे.

एकाच गावात दोन पाणी

निदानाची यादी घेऊन बसलेली माणसं खतांकडं बघतात आणि पाण्याला विसरतात. माझा अनुभव असा, की कोल्हापुरात पिवळ्या पानाचं मूळ बहुतेकदा बादलीत सापडतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नळाचं पाणी कित्येक दिवस बंद होतं. तेव्हा शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बोअरचं पाणी आणायला लागलो. नळ सुरू झाल्यावरही रोपांसाठी तेच चालू राहिलं, कारण पाईप दारापर्यंत आलेला. दोन-अडीच महिन्यांत तुळस, मिरची, जास्वंदीचं कलम, सगळ्यांची कोवळी पानं लिंबाच्या रंगाची आणि शिरा हिरव्या. मी लोह घालत गेलो. रोपं ढिम्म.

मातीत लोह असतंच, बहुधा भरपूर. पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप) सातच्या वर चढला की ते गंजासारखं घट्ट होऊन बसतं आणि मुळांना उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेला चुना असतो. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडावर जो पांढरा थर बसतो, तोच रोज थोडाथोडा कुंडीत जमतो. शेतात मातीचा डोंगर असतो, तिला वेळ लागतो. घरातल्या दोन लिटरच्या कुंडीत हे काम काही आठवड्यांत उरकतं. मातीच्या कुंडीला सामू साधारण ६ ते ६.८ असावा, कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाला, थोडा कमी, ५.५ ते ६.५. घरच्या घरी एक चाचणी करता येते. वाळलेली चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती कुंडीत भरली असेल तर बहुतेक फसफसेल. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी गप्प बसते.

उपाय म्हणजे पाणी बदलणं. आपल्याकडं चार महिने आभाळ फुकट वाटत असतं. गच्चीवरून पिंपात धरलेलं पावसाचं पाणी यासाठी अमृतासारखं, त्यात चुना जवळपास नसतोच. ते संपलं की नळाचं. लोह द्यायचंच तर चिलेटेड द्या, म्हणजे घट्ट होऊन बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं, पण तिथंही पिशवी वाचा. स्वस्तात मिळणारं ईडीटीए जातीचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की सुटून निकामी होतं. चुनखडीच्या मातीला ईडीडीएचए जातीचं लागतं, ते महाग पण टिकतं.

आता दुसरं टोक. राजारामपुरीतल्या एका काकूंनी लेट्यूस लावलेलं, कोकोपीटमध्ये. पाणी शुद्ध हवं म्हणून आरओचं, खत १९:१९:१९. खालची पानं शिरांमधून पिवळी, नवी पानं टोकाला जळालेली. "सगळं बेष्ट दिलंय हो, तरी असं का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. १९:१९:१९ मध्ये नायट्रोजन, स्फुरद, पालाश आहे, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाही. नळाच्या पाण्यात ही दोन्ही थोडीफार असतात, आरओ ती गाळून टाकतं. वर कोकोपीटचा स्वभाव असा, की ते कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःला धरून ठेवतं आणि बदल्यात पालाश सोडतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी त्याच दोन गोष्टींची टंचाई. काकूंना मी आरओ बंद करून नळाचं पाणी वापरायला सांगितलं, आणि एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम विरघळवून आठवड्यातून एकदा दिवा बंद झाल्यावर पानांवर फवारायला. पुढं कॅल्शियम नायट्रेटही लागलं. ते एप्समबरोबर किंवा १९:१९:१९ बरोबर एकाच बाटलीत घट्ट कालवू नका, खाली पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. वेगळ्या दिवशी द्या.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे पुष्कळ आहेत. बचत म्हणून कल्पना चांगली, पण त्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. अंगणातल्या नारळाला चालेल. रॅकवरच्या कुंडीला नको.

यावरून क्षारांचं आठवलं. मामाच्या गावाकडं क्षारपड जमीन म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. वर्षानुवर्षं पाणी जादा, निचरा नाही, पाणी उडून जातं आणि क्षार वर उरतात. कुंडीत दर आठवड्याला खताचं पाणी द्यायचं, तेही खालून थेंब गळणार नाही इतकं मोजून, फरशी खराब होते म्हणून, हीसुद्धा क्षारपड तयार करायचीच रीत झाली. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पूड दिसते, पानांची टोकं तपकिरी होतात, मग कड पिवळी. मामाकडं शेतात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढला. आपलं काम त्यामानानं सोपं. कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकाराच्या दोन-तीनपट साधं पाणी सावकाश ओतायचं आणि पूर्ण गळू द्यायचं. महिन्यातून एकदा.

आता राहिली मामाच्या केवड्याची मिरची. मी कुंडी उचलली तर ती वजनदार होती, म्हणजे माती ओली. तरीही पानं मलूल. तहानलेलं रोप कोरड्या मातीत मान टाकतं. ओल्या मातीत मान टाकणारं रोप गुदमरलेलं असतं. मुळांना हवा लागते, सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती मिळत नाही, मुळं कुजतात आणि खालची पानं पिवळी पडू लागतात. भोकातून नाक लावून पाहिलं, गटारीचा वास. जुलै महिना, माजघर, हवेत दमटपणा इतका की वाळत घातलेले कपडेही ओलेच, आणि मी मात्र उन्हाळ्याच्या वेळापत्रकानं एक दिवसाआड पाणी घालत होतो. रोपानं ते प्यायचं कधी? काळी मुळं कापली, माती बदलली, दहा दिवस जवळपास कोरडं ठेवलं. मिरची वाचली.

आणखी एक गुन्हेगार आपल्याकडचा खास. मातीवर आच्छादन म्हणून किंवा मातीत मिसळून पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, घालायची सवय. शेतात उत्तमच. पण न कुजलेलं पाचट किंवा उसाचं चिपाड बारीक करून छोट्या कुंडीच्या मातीत मिसळलं, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन आधी स्वतःच फस्त करतात आणि रोप उपाशी राहतं. खालून वर, एकसारखं पिवळं. कुजलेलंच घाला.

पान उलटं करा

बंद खोलीत किडींची चैन असते. धुवून काढायला पाऊस नाही, खायला ढालकिडे नाहीत. पान उजेडाकडं धरल्यावर सुईनं टोचल्यासारखे असंख्य बारीक पिवळे ठिपके दिसले तर पान उलटा. लाल कोळी असेल तर बारीक हलणारे कण आणि जाळी दिसेल. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, दिव्याच्या उबेत तो फोफावतो. पांढरा कागद खाली धरून फांदी टिचकीनं हलवा, कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर शंका संपली. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे साध्या डोळ्यांनी दिसतात. जोरदार पाण्यानं पानांची खालची बाजू धुणं, आणि मग दर चार-पाच दिवसांनी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून, हे तीन-चार वेळा केलं तर बहुतेक आटोक्यात येतं. एकदा करून सोडलं तर अंडी उबतात आणि पहिले पाढे पंचावन्न.

हिरव्या-पिवळ्या रंगांची कशीही पसरलेली नक्षी, पानं चुरडलेली, वाढ खुंटलेली, तर विषाणूचा संशय घ्या. मिरचीचा बोकड्या कुणी औषधानं बरा केलेला मी पाहिलेला नाही. ते रोप पिशवीत बांधून बाहेर, आणि हात धुऊनच बाकीच्यांना शिवा.

खात्री कशी करायची

लोहाच्या बाबतीत एक झकास परीक्षा आहे. हिराकस लिटरला दोन ग्रॅम, ताजं कालवलेलं, कारण शिळं झालं की तांबूस होऊन बिनकामाचं ठरतं. बारीक ब्रशनं एकाच पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर लावा. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर कमतरता लोहाचीच होती. नाही झाला, तर पानभर फवारण्याचे कष्ट वाचले. मॅग्नेशियमसाठीही एका फांदीवर असंच करता येतं, फक्त वाट थोडी जास्त बघायची.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा वर, पाणी बदल, खत चालू, माती नवी, हे सगळं एका रविवारी केलं तर रोप सुधारलं तरी का सुधारलं ते कळणार नाही, आणि बिघडलं तर मग विचारूच नका. रॅकला मी शाळेची शंभर पानी वही टांगलीय. तारीख, काय बदललं, कुठलं पान. नायट्रोजनचा परिणाम आठवडाभरात दिसू लागतो. कुजलेल्या मुळांना महिनाही लागतो.

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होण्याची वाट पाहू नका, ते क्वचितच होतं. बघायचं ते पुढं येणारं पान. ते रंगाला नीट असेल तर उपाय लागू पडलाय. जुनं पान निम्मं हिरवं असेपर्यंत ठेवा, रोप त्यातलं काढून घेत असतं. पूर्ण पिवळं झाल्यावर बोट लावलं तरी हातात येतं.

परवा मामाचा फोन आला. उसाच्या नव्या लागणीत काही वाफे पिवळे दिसतायत म्हणाला. मी विचारलं, खालची पानं का शेंड्याची? पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "थांब, बघून येतो," आणि फोन तसाच चालू ठेवून तो बांधावरून चालत गेला. चपलांखाली पाचट मोडल्याचा आवाज येत होता.

"शेंड्याची," तो म्हणाला. "शिरा हिरव्या हायत."

या वेळी हिराकस बरोबर होतं.